शेत वाचता येणं म्हणजे काय

इंडोनेशियात बाली बेटाच्या शेजारी नुसा पेनिदा नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळाची शेती होते. उथळ पाण्यात दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बेणं म्हणून बांधायचे, पाच-सहा आठवड्यांनी वाढलेलं शेवाळ काढून वाळवायचं आणि विकायचं. त्यातलंच थोडं पुढच्या लागवडीला बेणं म्हणून ठेवायचं. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांना काही अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: तुमच्या बेण्याचा एक तुकडा किती वजनाचा असतो? दोन दोऱ्यांमधलं अंतर आणि दोन तुकड्यांमधलं अंतर विचारलं की उत्तर चटकन मिळायचं. वजन मात्र बहुतेकांना सांगता आलं नाही. ते कधी कुणी बघितलंच नव्हतं.

मग त्यांच्याच शेतात वेगवेगळ्या वजनांचे तुकडे लावून प्रयोग केले. वजन बदललं की उत्पन्न बदलतं, आणि आपण लावतो तो तुकडा फायद्याचा नाही, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत निघालं. यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता, तरी नुसतं तेवढ्यानं त्यांची पद्धत फारशी बदलली नाही. प्रयोगाचे आकडे मांडून 'फरक वजनामुळे पडतोय' हे दाखवल्यावर ती बदलायला लागली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

शेतीशिक्षणाचा विषय निघाला की मला ते शेवाळाचे तुकडे आठवतात. 'शेतकऱ्याला माहिती नाही, ती दिली की उत्पादन वाढेल' असं आपण सहज बोलतो. त्या बेटावर माहिती कमी नव्हती आणि अनुभव तर भरपूर होता. शेतात एकाच वेळी शंभर गोष्टी घडत असतात. त्यांतल्या कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं, ती कशी मोजायची, कशाशी ताडून बघायची, हे कळणं म्हणजे शेत वाचता येणं. शेतीच्या शिक्षणाचं मूळ काम हेच आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

अनुभव कुठे पुरतो, कुठे तोकडा पडतो

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली एक विचार मांडला. पारंपरिक शेती करणारा गरीब शेतकरी अडाणीपणानं शेती करत नाही. हाताशी असलेली जमीन, बियाणं आणि मनुष्यबळ तो बऱ्यापैकी नेमकेपणानं वापरतो. तो अडतो ते हाताशी असलेल्या साधनांतूनच याहून जास्त काही निघत नाही म्हणून. शुल्ट्झ यांना १९७९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले गेले, तेव्हा दिसलं की जिथे शेती पिढ्यान्‌पिढ्या एकाच चाकोरीत चालली आहे तिथे शेतकऱ्याच्या शालेय शिक्षणानं उत्पादनात फार फरक पडत नाही. जिथे नवं बियाणं, नवी खतं, नव्या पद्धती येत असतात, तिथे मात्र शिकलेल्याला स्पष्ट फायदा होतो.

कारण उघड आहे. सगळं जसंच्या तसं राहत असेल तर वडिलांचा अनुभव हीच उत्तम शाळा. पण आज तसं राहत नाही. मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात मक्यावर दिसली. पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरून खाणारी ही अळी तिथल्या कुठल्याच आजोबांनी पाहिलेली नव्हती. पावसाचे दिवस सरकतात, भूजल खाली जातं, बाजार दुसरंच काही मागायला लागतो. अशा वेळी 'आमच्याकडे असंच करतात' हे वाक्य पुरत नाही.

सर्वांत तोकडी फळी

शेत वाचणं म्हणजे काय, ते एका उदाहरणानं बघू. पिकाला वाढायला नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) लागतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. यांच्याशिवाय गंधक, कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि अगदी चिमूटभर लागणारे जस्त, बोरॉन, लोह असे घटकही हवे असतात. यांतला एक जरी कमी पडला, तरी बाकीचे कितीही ओतले तरी पीक त्या कमी पडलेल्या घटकापाशी अडतं. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञानं १८२८ च्या सुमारास हा नियम सांगितला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो सर्वदूर पोचवला. समजायला सोपं चित्र म्हणजे उंच-बुटक्या फळ्यांचं लाकडी पिंप. पाणी सर्वांत तोकड्या फळीपर्यंतच भरतं. बाकीच्या फळ्या उंच करत बसलात तरी पाणी तिथूनच वाहून जाणार.

आता शेतात काय होतं ते पाहा. पीक पिवळं दिसतं, म्हणून युरिया टाकला जातो. नत्र कमी असेल तर पीक सुधारतं. पण तोकडी फळी लोहाची असेल तर युरियाचा पैसा वाया जातो. वर जादा नत्रानं पीक लुसलुशीत होऊन किडींना आवडायला लागतं आणि वाऱ्यात लोळतं. पिवळेपणा दोन्हीकडे सारखा वाटतो, पण सारखा नसतो. नत्र कमी असेल तर झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसते आणि त्या पानांच्या शिरा हिरव्याच राहतात. वरचं पान की खालचं, एवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी किती तरी चुकीचे खर्च टळतील.

आणखी एक बारकावा. घटक जमिनीत असणं वेगळं आणि पिकाला मिळणं वेगळं. ते बरंचसं जमिनीच्या सामूवर, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, अवलंबून असतं. जमीन फार आम्ल असेल तर स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो. चुनखडीची, अल्कधर्मी असेल तर कॅल्शियमशी. दोन्हीकडे खत पडलेलं असतं, आणि पीक उपाशी असतं. हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी माती तपासावी लागते. पण अहवाल किती खरा, हे नमुना कसा घेतला त्यावर ठरतं. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घेतली तर अहवाल त्या जागेचा येतो, शेताचा नव्हे. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती खरवडून काढायची, सगळी माती एकत्र मिसळायची आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोवर आणायची. हे शिकवायला एक सकाळ पुरते. तरीही माती परीक्षणाचे कागद वाटले जातात आणि नमुना कसा घ्यायचा हे सांगायचं राहून जातं, याची मला खंत वाटते.

एक पट्टा तसाच ठेवायचा

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८४३ साली जॉन लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी गव्हावर प्रयोग सुरू केले. ब्रॉडबाल्क नावाच्या त्या शेतातला प्रयोग आजही चालू आहे. तिथल्या एका पट्ट्याला सुरुवातीपासून ना शेणखत घातलेलं आहे ना रासायनिक खत. लोकांना हा वेडेपणा वाटेल, पण बाकीच्या सगळ्या पट्ट्यांचा अर्थ लागतो तो या एका उपाशी पट्ट्यामुळे. खत दिलेल्या पट्ट्यात पीक किती आलं, एवढ्यावरून खतानं किती दिलं ते कळत नाही. त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल. फरक मोजायचा तर शेजारी काहीच न केलेली जागा हवी.

शेतीशिक्षणातून शेतकऱ्याला एकच सवय द्यायची असेल तर मी ही देईन. नवं टॉनिक आलं, नवं जिवाणू खत आलं, तर ते सगळ्या रानाला मारायचं आणि पीक चांगलं आलं की 'गुण आला' म्हणायचं, असं बहुतेक ठिकाणी होतं. त्याऐवजी शेताच्या मधून चार ओळी तशाच सोडायच्या. काढणीला त्या ओळी वेगळ्या कापायच्या आणि शेजारच्या तेवढ्याच ओळींशी तोलून बघायच्या. तोलायच्या हे महत्त्वाचं. नुसत्या डोळ्यांना हिरवागार पट्टा नेहमी जास्त भरतो, दाण्यात तो भरेलच असं नाही.

इथे एक चकवा असतो. बांधाकडची ओळ, झाडाच्या सावलीतली ओळ, पाण्याच्या तोंडाशी असलेली ओळ मुळातच वेगळी असते. नवं खत चांगल्या जागी आणि रिकामा पट्टा वाईट जागी पडला तर निकाल खोटा येणार. रॉनल्ड फिशर हे गणिती १९१९ मध्ये रॉथमस्टेडला आले आणि त्यांनी यावर उपाय दिला: एकच पट्टा न ठेवता तीच तुलना शेतात तीन-चार ठिकाणी करायची, आणि कुठल्या पट्ट्याला काय द्यायचं ते आपल्या मनानं न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवायचं. आज औषधांच्या चाचण्याही याच तत्त्वावर होतात. त्या मोठ्या शास्त्राचा हा धागा शेतीच्या मातीतून आलेला आहे आणि शेतकऱ्याला तो वापरायला चार खुंट्या, एक दोरी आणि एक वजनकाटा पुरतो.

शिकवण शेतापर्यंत कशी पोचते

अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायद्यानं शेतीची महाविद्यालयं उघडायला राज्यांना जमिनी दिल्या. ती सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की शिकवायला पुरेसं पक्कं ज्ञानच नाही. म्हणून १८८७ च्या हॅच कायद्यानं प्रयोगकेंद्रं काढली. ज्ञान जमलं, तर ते शेतकऱ्यापर्यंत जाईना. तेव्हा १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं गावोगाव जाणारी विस्तारसेवा उभी राहिली. महाविद्यालय, संशोधन, विस्तार असे हे तीन दुवे जोडायला बावन्न वर्षं गेली. नंतर बऱ्याच देशांनी हीच रचना आपापल्या परीनं घेतली. भारतातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीत सुरू झालं, तेही संशोधन आणि शेत यांच्यातली फट बुजवायलाच.

विस्तारसेवेच्या आधीची एक घटना मात्र कायद्यांपेक्षा जास्त शिकवते. सीमन नॅप नावाचे गृहस्थ सरकारी आदर्श शेतं काढून थकले होते. शेतकरी येत, बघत, मान डोलावत आणि घरी जाऊन जुन्याच पद्धतीनं करत. सरकारच्या पैशानं काय वाटेल ते पिकवता येतं, असं त्यांना वाटे, आणि त्यात चूक काय? १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी नॅप यांनी पद्धत उलटी केली. प्रयोग एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच हातून करायचा ठरला, आणि नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या लोकांनीच वर्गणी काढून निधी ठेवला. प्रयोग फायद्यात गेला, त्या निधीची गरज पडली नाही. पण तो नसता तर प्रयोगच झाला नसता, असं मला वाटतं. 'शेतकरी नवीन काही स्वीकारत नाही' अशी तक्रार करणाऱ्यानं स्वतःला विचारावं: मी पगारी माणूस, माझा सल्ला चुकला तर माझं काय जातं? ज्याचं वर्षाचं धान्य एका हंगामावर टांगलेलं आहे, त्याला सल्ला देताना धोका वाटून घ्यायची तयारी नसेल तर त्याच्या सावधपणाला नावं ठेवू नयेत.

शेतकरी ऐकतो कुणाचं? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका १९२८ पासून पसरायला लागला. दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांशी बोलून १९४३ साली त्याची हकीगत छापली. तेरा वर्षांत २५९ पैकी २५७ जण संकरित बियाण्यावर आले होते. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून कळलेली. मन वळलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. आणि जवळजवळ कुणीच पहिल्या वर्षी सगळं रान पेरलं नाही, आधी छोटा तुकडा लावून पाहिला. घानामधल्या अननस शेतकऱ्यांवरच्या २०१० च्या अभ्यासातही हेच दिसलं: ओळखीतल्या कुणाला अनपेक्षित चांगलं पीक आलं की त्याची खतमात्रा बाकीचे उचलतात, आणि नवखे जास्त उचलतात.

म्हणून पुष्कळांना वाटलं की काही निवडक शेतकऱ्यांना शिकवा, बाकीचं आपोआप होईल. १९७० आणि ८० च्या दशकांत जागतिक बँकेनं विस्तारतज्ज्ञ डॅनियल बेनोर यांची 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत अनेक देशांत नेली. कर्मचाऱ्यानं पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी यायचं, ठरलेला संदेश संपर्क शेतकऱ्याला द्यायचा, त्यानं तो पुढे द्यायचा. शिस्त चांगली होती. पण संदेश वरून ठरून येई, सगळ्या शेतांना एकच असे, आणि शेतातून वर जायला त्याला वाटच नव्हती. खर्च झेपेना, तशी ती १९९० च्या दशकात ओसरली.

तुडतुड्यांनी शिकवलेलं

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं. हे किडे खोडाच्या बुडाशी बसून रस शोषतात आणि शेतात गोल चट्टे पडून पीक जळाल्यासारखं दिसतं. सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होतं, शेतकरी मन लावून फवारत होते, आणि तुडतुडे वाढतच होते. कारण असं: तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात खोल घातलेली असतात, त्यांना फवारा लागत नाही. तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकणासारखे मित्रकीटक उघड्यावर फिरतात, ते मरतात. आठवड्यानं अंडी फुटतात तेव्हा पिलांना खायला कुणी उरलेलं नसतं. म्हणजे फवारणीनंच कीड पोसली जात होती. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी आली, अनुदान टप्प्याटप्प्यानं काढून घेतलं, आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या.

या शेतीशाळेचं वर्णन वाचताना मला दरवेळी आनंद होतो. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पेरणीपासून काढणीपर्यंत. वर्ग शेतातच. पाच-पाच जणांचे गट भातात उतरून काही चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे जुडगे) निवडतात आणि फुटवे मोजतात, किडी मोजतात, मित्रकीटक मोजतात, पाण्याची पातळी बघतात. मग सावलीत बसून एका मोठ्या कागदावर चित्र काढतात. मधोमध रोप, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे. चित्र समोर ठेवून ठरवायचं: या आठवड्यात फवारायचं की नाही, आणि का. ठरवलेलं सगळ्यांसमोर पटवून द्यायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही कोळी काढता येतो.

शंका आली तर प्रयोग करायचा. कोळी तुडतुडे खातो हे खरं कशावरून? एका रोपाला जाळी लावून आत दोन्ही सोडा आणि उद्या मोजा. अळीनं पानं खाल्ली तर किती नुकसान? लहान वयाच्या भाताची काही पानं कात्रीनं कापून ठेवा आणि काढणीला तोला. सुरुवातीच्या वाढीत भात नवे फुटवे काढून बरीच भरपाई करतो, हे आपल्या हातानं कापून, आपल्या हातानं तोलून पाहिलं की पान कुरतडलेलं दिसताच पंपाकडे जाणारा हात थांबतो. ही पद्धत पुढे नव्वदहून अधिक देशांत गेली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडोनेशियातल्या शेतीशाळा केलेल्या शेतकऱ्यांच्या उत्पादनात आणि कीटकनाशकांच्या वापरात ठळक फरक सापडला नाही, आणि शिकलेलं शेजाऱ्यांपर्यंत फारसं गेलेलं दिसलं नाही. इतर काही अभ्यासांत चांगले परिणाम दिसले आहेत, पण हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पसारा वाढला की शिकवणाऱ्याचा कस उतरतो, हे एक कारण असू शकेल. दुसरं मला जास्त पटतं. संकरित बियाणं बांधावरून दिसतं, नावानं मागता येतं, म्हणून ते शेजाऱ्याकडे जातं. बघण्याची सवय बांधावरून दिसत नाही. 'मी फवारलं नाही' एवढंच शेजाऱ्याला दिसतं. का फवारलं नाही, त्यामागची मोजणी दिसत नाही. वस्तू पसरतात आणि नजर घडवावी लागते. म्हणून थोड्यांना शिकवून बाकीच्यांना ती झिरपेल, हा हिशेब बियाण्याला लागू आहे, शेत वाचण्याला नाही. तिथे ज्याला त्याला चिखलात उतरावंच लागतं, आणि तो खर्च समाजानं डोळे उघडे ठेवून करावा.

कुणाला बोलावलंच जात नाही

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०११ च्या अहवालात म्हटलं होतं की विकसनशील देशांत शेतीतल्या मनुष्यबळात सरासरी ४३ टक्के स्त्रिया आहेत. त्यांना पुरुषांइतकी साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकेल. साधनांत जमीन, कर्ज, खत येतं, तसं प्रशिक्षणही येतं. प्रशिक्षणाचं बोलावणं ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला जातं. खुरपताना पानामागची अंडी जिला आधी दिसतात, ती घरी असते. वर्गाची वेळ स्वयंपाकाच्या वेळेला, जागा दूर, लहान मूल बरोबर आणायची सोय नाही. हे अडथळे हटवायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कळली होती. गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शिकवत होता. ज्यांना संस्थेपर्यंत येणं परवडत नाही त्यांच्यासाठी १९०६ साली अवजारं आणि बियाणी भरलेली घोडागाडी तयार झाली आणि शाळाच गावोगाव फिरू लागली. कापसानं थकलेल्या जमिनीला चवळी, भुईमुगासारखी द्विदल पिकं कशी सावरतात, हे तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी आपल्या रानात पाहिलं. आणि १९१० साली दक्षिण कॅरोलायनात मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचा टोमॅटो गट काढला. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग. पिकवायचं, डबाबंद करायचं, विकायचं, हिशेब ठेवायचा. पैसा मुलीचा. त्या वयात मिळालेला तो हिशेब वर्गातल्या कितीही धड्यांनी मिळाला नसता. शाळांतल्या शेती विषयाबद्दल म्हणूनच माझं म्हणणं थोडकं आहे: पुस्तक राहू द्या, पण प्रत्येक मुलाला एक वाफा द्या आणि त्याचा निकाल त्याला मोजू द्या.

मोबाइलवरच्या सल्ल्याबद्दलही असंच. हवामानाचा अंदाज, किडीचा इशारा, बाजारभाव यांसाठी तो फार उपयोगी आहे. पण फोटोवरून मिळालेलं औषधाचं नाव म्हणजे पुन्हा वरून आलेला संदेशच. तो आपल्या शेताला लागू आहे का, हे तपासणारा डोळा फोनमधून येत नाही.

पीक वाढलं, मग पुढे?

उत्पादन वाढलं की गाव सुखी होतं, असं सरळ गणित नाही. सगळ्यांचं पीक एकदम वाढलं तर भाव पडतो आणि जास्त पिकवूनही हातात कमी येतं. १८७० नंतर अमेरिकेतून आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात यायला लागलं तेव्हा डेन्मार्कच्या शेतकऱ्यांवर ही वेळ आली. त्यांनी धान्य विकायचं सोडून तेच धान्य जनावरांना घातलं आणि लोणी विकायला सुरुवात केली. १८८२ साली येडिंग गावात पहिली सहकारी डेअरी निघाली आणि काही वर्षांत अशा शेकडो झाल्या. मत गायींच्या संख्येवर नव्हतं, माणशी एक होतं.

हे जमलं कसं, याची कारणं बरीच आहेत. दुधातून साय चटकन वेगळी करणारं नवं यंत्र हे एक. पण १८४४ पासून तिथे ग्रामीण तरुणांसाठी लोकविद्यालयं चालत होती, डॅनिश विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारांवर. त्यांत परीक्षा नव्हत्या. इतिहास, भाषा, गाणी, चर्चा असायच्या, कित्येक ठिकाणी शेतीचे विषयही. सभेत उभं राहून बोलणं, हिशेब विचारणं, पटलं नाही तर विरोध करणं आणि तरी एकत्र राहणं, हे तिथे शिकून आलेली माणसं पुढे डेअऱ्यांच्या समित्यांवर बसली. लोणी सुधारलं ते तंत्रानं. ते विकून आलेला पैसा गावात राहिला, त्याला मात्र या दुसऱ्या शिक्षणाचा मोठा हातभार लागला, असं मी मानतो. म्हणून शेतीशिक्षणात जमाखर्च, प्रतवारी, साठवण, करारातल्या अटी वाचणं आणि गट चालवणं हे विषय पीकपद्धतीच्या बरोबरीनं हवेत.

गावात दहा जणांची तयारी असेल तर कुणाची वाट न बघता येत्या हंगामात सुरुवात करता येते. एकच प्रश्न निवडा: खताचा दुसरा हप्ता कमी केला तर काय होतं, किंवा बियाणं थोडं कमी टाकलं तर. दहाही शेतांत तीन-तीन जोडपट्टे आखा, कुठे काय द्यायचं ते चिठ्ठीनं ठरवा, दर आठवड्याला एकाच्या शेतात जमा आणि मोजलेलं वहीत लिहा. काढणीला पट्टे वेगळे तोला आणि खर्चाचा आकडा शेजारी मांडा. दहा शेतांचे निकाल एकसारखे येणार नाहीत. हलक्या रानात एक येईल, भारी रानात दुसरा, आणि खरी चर्चा तिथून सुरू होईल. दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा करा, कारण एका वर्षाचा पाऊस फसवतो. फक्त पट्टे शेताच्या दुसऱ्या भागात आखा, म्हणजे गेल्या वर्षीचं उरलेलं खत या वर्षीच्या निकालात शिरणार नाही.